पालकावरचा मावा

"हळू. अजून थोडं डावीकडे. लागला का हाताला?"

"लागला."

"दाबू नका. जिवंत आहे तो."

गच्चीच्या बंद दारापलीकडून हे बोलणं ऐकू आलं तेव्हा मी खांद्यावरची बॅगही न उतरवता जिन्यात उभी होते. बाईचा आवाज माझ्या आईचा होता. पुरुषाचा आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता.

मी दार वाजवलं. आतलं बोलणं एकदम तुटलं. थोडी कुजबुज झाली, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि मग कडी निघाली. दारात आई उभी होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

"कोण?" तिने विचारलं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"कोण म्हणजे? मी आहे, आई."

"अगंबाई, हेमा!" तिचा चेहरा खुलला, पण लगेच तिने मान मागे वळवली. "डुबलसाहेब, माझी लेक आली पुण्याहून. न सांगता न सवरता."

मागे साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. त्यांनी हातातली काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी घाईघाईने खिशात टाकली आणि मला नमस्कार केला. "येतो बाई," एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले. आईने मला पाणी विचारलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. त्या गृहस्थांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

मी न सांगता आले होते ते मुद्दाम. कराडच्या आमच्या घराशेजारी लाटकर काकू राहतात. त्यांचा मला पुण्याला फोन आला होता. "हेमा, तुला वाईट वाटेल, पण आईकडे एक माणूस रोज सकाळी येतो. दोघं गच्चीवर जातात आणि आतून कडी लावतात. घराची किल्ली आहे त्याच्याकडे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. अधूनमधून दोघं मिरजेच्या एसटीत बसतात ते संध्याकाळीच परततात. मी काही बोलत नाही. तूच येऊन बघ."

रणधीरदादा आणि वहिनी बंगळूरला राहतात. मी हे दादाला कळवलं. तो माझ्याहून मोठा, बाबा गेल्यापासून घरातला कर्ता. तो फोनवरच तडकला. "घर लिहून घेईल तो. एकटी बाई बघून असली माणसं चिकटतात. तू जा आणि डोळे उघडे ठेव. गरज पडली तर मी येतो."

माझी आई, कुमुदिनी मोहिते, कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. उभा जन्म तिने कानाला यंत्र लावून काढला. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. बाबांच्या माघारी तिला एकटेपण खायला उठलं होतं, तेव्हा एका शेती प्रदर्शनात तिने मासे आणि भाजी एकत्र वाढवण्याची ती तऱ्हा बघितली आणि ती हट्टालाच पेटली. गच्चीवर खाली एक निळी टाकी, तिच्यात चिलापी मासे. टाकीतलं पाणी पंपाने वर लोखंडी मांडणीवरच्या खडीच्या ट्रेमध्ये चढायचं. माशांच्या घाणीवर पालक, पुदिना, मिरची वाढायची आणि तेच पाणी खडीतून झिरपून पुन्हा टाकीत पडायचं. माती नाही, खत नाही. ते पडणारं पाणी दिवसभर वाजत असायचं आणि आई म्हणायची, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. दार त्यांनी स्वतःच्या किल्लीनेच उघडलं. मला स्वयंपाकघरात बघून जरा थबकले, मग "बाई वर आहेत का?" म्हणून सरळ जिना चढून गेले. मी चहाचं निमित्त करून मागोमाग गेले, तोवर कडी लागली होती.

"कोण आहेत हे?" दुपारी मी आईला विचारलं.

"डुबलसाहेब. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसावरची कीड खाणारे किडे वाढवायचे तिथे. प्रदर्शनात ओळख झाली."

"आणि आता इथे काय करतात?"

"पालकावर मावा पडलाय. त्याचं बघतात."

"त्याला कडी कशाला लावावी लागते?"

"वाऱ्याने दार आपटतं," आई म्हणाली आणि कपबश्या विसळायला उठली. विसळताना एक कप कट्ट्याच्या कडेवरून खाली गेला आणि फुटला. माझ्या प्रश्नाने ती गडबडली, असंच मला वाटलं.

मावा खरंच पडला होता. पालकाच्या पानांच्या पाठीला काळपट, चिकट ठिपके लगडलेले, मिरचीचे शेंडे आखडलेले. डुबलांनी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये उभे केले होते, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. हे मला कळलं. पण एक साधा फवारा मारला की काम झालं असतं, त्यासाठी रोज माणूस कशाला? शिवाय जिन्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक सुतळी कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधलेली होती. कपडे वाळत घालायला ती फार खाली होती. ती कशाची, असं विचारल्यावर आई म्हणाली, "राहू दे तिला. सोडू नकोस." आणि हे तिने इतक्या चढ्या आवाजात म्हटलं की मी बघतच राहिले.

पुढे एके सकाळी मी जिन्यात अर्ध्यावर बसून कान दिला. लाज वाटत होती, पण बसले.

"पोरीला सांगून टाका आता," डुबल म्हणत होते.

"नाही. तुम्ही शब्द दिलाय मला. मुलांना कळता कामा नये."

"कळणारच आहे बाई. असं किती दिवस चालणार?"

"कळेल त्या दिवशी घराचा निकाल लागेल. तुम्हाला माहीत आहे ते."

मी तशीच खाली आले आणि दादाला फोन लावला. जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. "बघ, घराचंच आहे," तो म्हणाला. "मी निघतो. तोवर तिला कुठे सही करू देऊ नकोस."

डुबल खाली उतरले तशी मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत गेले.

"तुम्हाला आमच्या आईकडून काय हवंय?" मी विचारलं.

त्यांना राग आला नाही. त्यांनी फाटकाचा खिट्टा काढला. "मला काही विचारू नका. मी शब्दात अडकलोय. आईंना विचारा. पण लांबून नका विचारू, त्यांच्याजवळ बसा."

हे उत्तर मला भलतंच पाठ केल्यासारखं वाटलं. अशी गोड बोलणारी माणसंच धोक्याची, असं मनात म्हणत मी आत आले.

दुपारी लाटकर काकूंनी भिंतीवरून एक बाटली दिली. साबणाचं पाणी. "आमच्या जास्वंदीचा मावा एका दिवसात गेला. मार की आईच्या पालकावर. मावाच गेला तर त्या माणसाला यायला निमित्त काय उरेल?" मला ते पटलं. मी बाटली घेऊन गच्चीवर गेले. आई टाकीजवळच्या स्टुलावर बसली होती, एक हात ट्रेमध्ये. मी तिच्या समोरच्या बाजूला, ट्रेच्या पलीकडे उभी राहिले.

पालकाच्या पानावर काहीतरी नवीनच होतं. काळ्या-नारिंगी रंगाच्या, काटेरी पाठीच्या बारीक अळ्या माव्याच्या गर्दीतून सरकत होत्या. मावा काय कमी होता, म्हणून आता ही दुसरी पीडा! मी बाटलीचा नेम धरला आणि खटका एकदा हवेतच दाबून बघितला.

"कसला आवाज तो?" आई ताडकन उठली. "हेमा, कसला आवाज?"

बाटली मी तिच्या तोंडासमोरच धरलेली होती. पिवळीधमक, मोठी बाटली.

"ही बाटली," मी म्हणाले.

"कशाची? वास कसला येतोय? साबण आहे का? हेमा, एक थेंब पडू देऊ नकोस! हे पाणी सगळं टाकीत उतरतं. मासे मरतील!"

तिने हात पुढे केला तो बाटलीच्या बराच बाजूला गेला, हवेत चाचपडला आणि ट्रेची कड सापडल्यावर तिथेच थांबला.

मी बाटली खाली ठेवली. एक पान खुडलं. माव्याने ते इतकं भरलं होतं की हिरवा रंग जेमतेम दिसत होता. ते पान मी तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आई, हे पान स्वच्छ आहे ना गं? भाजीला घेऊ?"

तिने पानाच्या दिशेने चेहरा केला. "घे की. स्वच्छच तर आहे."

मी पान टाकलं आणि मोकळा हात तिच्या चेहऱ्यासमोरून हलवला. पापणी हलली नाही.

"हात हलवतेयस ना?" ती शांतपणे म्हणाली. "वारा लागला."

मी तिच्या पायाशी बसले. टाकीत पाणी पडत होतं.

"काचबिंदू," मग तिने सांगितलं. "उजवा गेलाच. डाव्याने नळीतून बघावं तेवढाच धुरकट उजेड दिसतो. दुखलं नाही, खुपलं नाही. कळलं तोवर बरंच गेलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांकडे जाते. राहिलंय ते टिकावं म्हणून औषधाचे थेंब आहेत."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं की रणधीरला कळणार. त्याने माझी खोली आधीच ठरवून ठेवलीय बंगळूरला. आंधळ्या आईला इथे एकटी ठेवेल का तो? घर विकेल आणि मला घेऊन जाईल. विसाव्या मजल्यावर. तिथे मी कुठल्या भिंतीला हात लावून चालू? हे घर माझ्या हाताला पाठ आहे."

"आणि हे डुबल?"

"एकदा खडीच्या ट्रेवर पडले मी. त्यांनीच उचललं. तेव्हापासून किल्ली त्यांच्याकडे दिलीय, पुन्हा पडले तर दार कोण उघडणार म्हणून. सुतळी त्यांनीच बांधली." तिने माझा हात ओढून ट्रेमध्ये नेला. "पूर्वी मी मावा हाताने वेचायची, एकेक पान उलटून. आता दिसत नाही. फवारावं तर मासे मरतात. मग ते नदीकाठच्या मक्यातून ढालकिड्यांची पिल्लं डबीत भरून आणतात. ठिपक्यांचे, लाल, वाटोळे किडे असतात ना, त्यांची पिल्लं. मावा हेच त्यांचं खाणं. बोट ठेव इथे. चिकट लागतं तो मावा. आता इथे. खरखरीत, हलतंय. ते पिल्लू. दाबू नकोस."

माझ्या बोटाखालून ते पिल्लू सरकलं.

"मला बघता येत नाही ते ही बघतात," आई म्हणाली.

कडीचंही तिने सांगितलं. बोटांनी कीड ओळखायला शिकत असताना लाटकर काकू अचानक वर येतील आणि तिचं चाचपडणं बघतील, याची तिला धास्ती होती. मी कपाळावर हात मारला. दादा वाटेत होता.

तो सकाळी पोचला. तोंड धुतलं नाही, चहा घेतला नाही. मी त्याला बाजूला घ्यायला गेले, पण आईने मला दम भरला होता की एक शब्द बोलायचा नाही. आणि तेवढ्यात डुबलांची किल्ली दारात फिरली.

"या," दादा म्हणाला. "किल्ली आधी इकडे द्या."

डुबलांनी आईकडे बघितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"माझ्या आईला मिरजेला कशाला नेता? कुठल्या वकिलाकडे? घराचा काय निकाल लावताय तुम्ही दोघं?"

"रणधीर, आवाज खाली," आई म्हणाली.

"तू थांब आई. मी यांना विचारतोय. रोज येऊन फुकट पालकावरची कीड बघणारा माणूस मी जगात बघितला नाही. यात तुमचा फायदा काय, तेवढं सांगा."

डुबल गप्प उभे होते. ते एक वाक्य बोलले असते तर ते त्याच क्षणी सुटले असते. मी आईकडे बघितलं. ती खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"पोलिसांत जाऊ का?" दादा म्हणाला.

"मला दिसत नाही, रणधीर," आई म्हणाली.

दादाला आधी ते कळलंच नाही. "काय दिसत नाही? या माणसाचा डाव?"

"तू दिसत नाहीस. आवाजावरून कळतंय कुठे उभा आहेस ते."

मग तिने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, कमी शब्दांत. दादा हळूहळू खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जरा वेळाने तो उठला आणि मला जे वाटलं होतं तेच त्याच्या तोंडून आलं.

"हेमा, आईची बॅग भर. आजच निघायचं."

"बॅग भरायचीच आहे," आई म्हणाली. "पण तुझी. उद्या मिरजेला चलायचंय, तू आणि हेमा दोघांनी. हा आजार रक्तातून उतरतो. मुलांचे डोळे तपासा म्हणून डॉक्टर कधीचे मागे लागलेत. डुबलसाहेब दर वेळी तेवढ्यावरून माझ्याशी भांडतात. मी टाळत होते, घराच्या लोभाने. यांच्यावर तू घर बळकावण्याचा आळ घेतलास म्हणून आज तोंड उघडलं. पण आता उघडलंच आहे तर ऐक. मिरजेला आलास तर बाकीचं बोलू. नाहीतर मी या घरातून हलायची नाही."

दादा कसनुसा हसला. "आई, मला स्वच्छ दिसतं. रोज गाडी चालवतो मी."

"मलाही स्वच्छच दिसत होतं," आई म्हणाली.

तो डुबलांकडे वळला. माफी मागणं त्याला कधीच जमलेलं नाही. त्याने टेबलावरची किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"शब्द दिला होता," डुबल म्हणाले. त्यांनी किल्ली घेतली. "आणि फायद्याचं विचारत होतात. घरी माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. तुमच्या आई रोज भांडतात."

"मी कुठे भांडते?" आई म्हणाली.

मिरजेला आम्ही चौघं गेलो. माझे डोळे ठीक निघाले. दादाला एका यंत्रासमोर बसवलं. समोर बारीक दिवे लागत होते आणि दिवा दिसला की त्याने बटण दाबायचं होतं. मी बाहेर काचेतून बघत होते. एका बाजूला दिवे लागत होते, विझत होते, आणि दादाचं बोट बटणावर तसंच स्थिर होतं. त्याला ते लागल्याचं कळतच नव्हतं. चाचणी संपल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "तुमचं यंत्र मध्येच बंद पडत होतं."

यंत्र चालू होतं. त्याच्या डाव्या डोळ्याचा एक कोपरा गेला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गेलं ते परत येणार नाही, पण दोन्ही डोळ्यांत रोज औषध घातलं तर पुढचं वाचेल.

परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. डोळा एकदा हाताने झाकायचा, पुन्हा उघडायचा, बाहेरची उसाची शेतं बघायचा. आई त्याच्या शेजारी होती. तिने त्याचा दंड धरला होता आणि कराड येईपर्यंत सोडला नाही. घर विकण्याचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही आणि पुढेही कधी नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दादाची नजर टिकून आहे. आई कराडलाच आहे, डुबलकाका रोज येतात, आणि त्यांच्यामागे लाटकर काकूंच्या खिडकीचा पडदा अजूनही हलतो. आई दादाला रोज संध्याकाळी न चुकता फोन करते.

"थेंब घातलेस?"

"घातले."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

आई त्या एका शब्दातला त्याचा आवाज जोखते. मग म्हणते, "सुनेला फोन दे."